क्रूरसिंहाचे एकच तोंड

हेरकथेचा एक अलिखित दंडक आहे, की जो जितका प्रच्छन्न तो तितका भयंकर. आणि म्हणूनच या वाङ्मयातील बहुतेक खलपुरुष काळोख्या दालनात बसून मंद स्वरात फर्माने सोडत असतात. हा दंडक धाब्यावर बसवून जो आमच्या स्मरणात कायमचा वस्तीला आला, तो ‘चंद्रकांता’ मालिकेतील विजयगढच्या वजिराचा पुत्र क्रूरसिंह.

1994 साली नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी गोव्यातील आमच्या वाळपईत ज्याच्या घरी दूरचित्रवाणी संच असे, त्याच्या ओसरीपर्यंत शेजारपाजाऱ्यांची दाटी होई. मूळ कादंबरी देवकीनंदन खत्री यांची, 1888 सालची. काशीनरेशांच्या मुलखातील चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका खत्रींकडे होता आणि तेथील दऱ्याखोरी व पडके किल्ले हिंडताना त्यांना या कथेचे बीज गवसले, असे सांगतात. वाळपईभोवतीच्या सत्तरी तालुक्याच्या रानात वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही.

या कथेचे खरे नायक राजपुत्र नव्हेत, ऐयार होत. ऐयार म्हणजे दरबाराच्या पदरी असलेला हेर: कमरेला बटवा, बटव्यात मूर्च्छा आणणारी पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा आणि रूप पालटण्याचे साहित्य. ऐयार तेजसिंह घटकेत दासी होई, घटकेत शत्रूचाच कारभारी. ऐयारा चपला कोणाच्या रूपात उभी आहे, हे खुद्द राजकन्या चंद्रकांतेलाही ओळखू येईल याची शाश्वती नसे. अशा या मुखवट्यांच्या बाजारात ज्याचे तोंड सदैव त्याचेच असे, तो एकटा क्रूरसिंह. कपाळाकडे झेपावणाऱ्या भुवया, भरघोस मिशा आणि मनात कपट शिजले की ओठांवाटे फुटणारा तो ‘यक्कू’! सज्जनांविषयी पदोपदी संशय बाळगावा लागे. दुर्जनाविषयी मात्र प्रेक्षक निर्धास्त असत. आमचे त्याच्यावरील प्रेम या निर्धास्तपणातून उपजले, असे मला वाटते.

ही भूमिका अखिलेंद्र मिश्र यांनी केली. बिहारातील सिवानकडचा, रंगभूमीवर घडलेला हा नट. पुढे ‘सरफरोश’मधील मिर्ची सेठ आणि ‘लगान’मधील अर्जन लोहार म्हणून तो ओळखला गेला. क्रूरसिंह रंगवताना त्याने अतिशयोक्तीचा संकोच बाळगला नाही. वास्तववादाचे अभिमानी याला भडकपणा म्हणतील, परंतु आमच्या मुलखात अशा अभिनयाची परंपरा जुनी आहे. पेडणे-डिचोलीकडे देवळापुढे दशावतारी काला, म्हणजे रात्रभर रंगणारा नाट्यखेळ, उभा राहतो, तेव्हा आख्यानाच्या आधी संकासुर येतो: काळा वेष, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी तांबडी जीभ. वेद चोरणारा हा दैत्य बोलीभाषेत अशा कोट्या करतो, की भयाने आईच्या पदराआड दडलेले मूल त्याच पदराआडून खुदकन हसते. विष्णूच्या हातून त्याचा वध होतो, आख्यानात त्याला स्थान नसते. घडीभराचा हा पाहुणा, तरी सकाळी घरी परतणाऱ्या पोरांच्या तोंडी देवापेक्षा त्याचीच नक्कल अधिक. क्रूरसिंह मला याच कुळीचा वाटला. म्हणून कथेतील विजयगढ आणि चुनारगढ या राज्यांशी सुतराम संबंध नसलेली आमची पोरे शाळेच्या पटांगणात ‘यक्कू’ म्हणत एकमेकांवर धावून गेली, यात मला नवल वाटले नाही.

हल्लीच्या हेरमालिकांतील खलपुरुष मितभाषी, सुविद्य, किंबहुना नायकाहून देखणे असतात. त्यांची भीती वाटते, हे मान्य. पण भीतीबरोबर हसू देण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही, आणि ज्याच्यावर हसता येते त्या दुष्टाची मुलांच्या मनावर सत्ता चालत नाही. यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतर काल्यांचा हंगाम सुरू झाला, की वाचकांनी आपल्या लेकरांना एक रात्र जागवावे आणि आख्यान लागण्याच्या आधीच मांडवात नेऊन बसवावे. उशिरा गेलात तर संकासुर चुकेल.