मल्टिव्हर्स, महाविदेह आणि एकत्व भावना



सुट्टीत नातवंडांसोबत सुपरहिरोंचे सिनेमे बघणं आता आपल्या पिढीच्या आज्यांनाही चुकत नाही. सध्या त्यांत सगळीकडे 'मल्टिव्हर्स' असतं. आपल्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "हे तर आपल्या शास्त्रात आधीपासूनच आहे." मला हे पटत नाही, म्हणून आजचा लेख.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. डीसी कंपनीचा 'फ्लॅश' नावाचा वेगवान नायक 1940 साली आला, त्याचं नाव जे गॅरिक. 1956 मध्ये त्याच नावाचा नवा नायक आणला, बॅरी ॲलन. मग जुन्याचं करायचं काय? 1961 च्या एका अंकात बॅरी इतक्या वेगाने कंप पावतो की थेट जेच्या जगात पोहोचतो. दोन्ही पृथ्वी एकाच जागी आहेत, फक्त त्यांची कंपनं वेगळी, अशी ही कल्पना. पुढे पृथ्वी इतक्या वाढल्या की हिशेब लागेना. शेवटी 1985-86 मध्ये बारा अंकांची कथा काढून सगळ्यांची मिळून एकच पृथ्वी केली. थोडक्यात, वाढलेली खाती बंद करून एकच ताळेबंद मांडला! त्या कथेत बॅरी मेला, आणि बऱ्याच वर्षांनी परतही आला.

दुसरी पद्धत फांद्यांची. मार्व्हलच्या 'लोकी' मालिकेत (2021) एखाद्याने ठरल्यापेक्षा वेगळं काही केलं की काळाला नवी फांदी फुटते आणि तिथे त्याच माणसाची दुसरी आवृत्ती जगू लागते.

आता आपल्याकडे बघा. अडीच द्वीपांत पाच भरत, पाच ऐरावत आणि पाच महाविदेह, अशा पंधरा कर्मभूमी आहेत. महाविदेहात आज सीमंधर स्वामींसह वीस विहरमान तीर्थंकर आहेत असं आपण मानतो. क्षेत्रं अनेक आहेत, इथपर्यंत साम्य दिसतं. पण त्या पाच भरत क्षेत्रांत पाच 'मी' नाहीत. जीव अनंत आहेत, तरी प्रत्येक जीव स्वतंत्र. नक्कल कुणाचीच नाही. बारा भावनांतली एकत्व भावना हेच सांगते: जीव एकटा येतो, एकटा जातो, केलेलं कर्म एकटाच भोगतो. एका खात्याची शिल्लक दुसऱ्या खात्यात वर्ग होत नाही. काहीजणी याला अनेकांतवादही म्हणतात. पण अनेकांत म्हणजे एकाच वस्तूच्या अनेक बाजू, अनेक वस्तू नव्हेत.

हा फरक फक्त चर्चेपुरता नाही. आमच्या घरी आजोबा गेल्यावर नातवाने विचारलं, "दुसऱ्या युनिव्हर्समध्ये आजोबा जिवंत असतील ना?" 'हो' म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "आजोबांसारखा दुसरा कुणी कुठे नाही. त्यांचा जीव मात्र संपला नाही, तो पुढच्या प्रवासाला गेला. कुठल्या गतीत, ते केवळी जाणे." तो थोडा वेळ गप्प बसला. मग आजोबांच्या माळेवर नवकार म्हणू या, असं त्यानेच सुचवलं. नकलेने खोटा धीर मिळतो आणि गेलेल्या माणसाचं मोल कमी होतं, असं मला वाटतं.

म्हणून हे सिनेमे बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (2023) मध्ये मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं मुंबॅटन आहे, तिथला पवित्र प्रभाकर मुलांना फार आवडतो. त्यात माइल्स नावाच्या मुलाला सांगतात, तुझ्या वडिलांचा मृत्यू ठरलेला आहे, मध्ये पडू नकोस. तो ऐकत नाही. मला उपासकदशांगातला सद्दालपुत्र कुंभार आठवला. सगळं नियतीने ठरलेलं, असं तो मानायचा. भगवान महावीरांनी त्याला विचारलं, तुझी मडकी कुणी फोडली तर? तो म्हणाला, मी त्याला शिक्षा करीन. मग सगळं ठरलेलंच असेल तर फोडणाऱ्याचा दोष कसला? सद्दालपुत्राला पुरुषार्थ कळला.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांसोबत जरूर बसा, सिनेमा बघा. संपल्यावर एवढंच विचारा: "दुसरा तू कुठेच नसशील, तर आजचं काम कोण करणार?" सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटंसुद्धा आपल्याऐवजी दुसऱ्या विश्वातली कुणी करून देणार नाही, हे त्या निमित्ताने आपल्यालाही आठवेल.