काटा म्हणतो अर्धी, टाकी म्हणते कोरडी!

बालमित्रांनो, परवा आमच्या बोरीच्या शाळेत एक गंमत झाली. चौथीतल्या एका पठ्ठ्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि भराभरा दप्तर भरले. साडेचार वाजलेत म्हणे! खरे तर नुकतीच मधली सुट्टी संपली होती. घड्याळ आदल्या दिवसापासूनच साडेचारवर अडकलेले. सगळा वर्ग खो खो हसला. मला मात्र आमच्या आप्पांचा ट्रक आठवला.

माझे वडील, म्हणजे आप्पा, ट्रक चालवायचे. ट्रक मालकाचा, पण जीव आप्पांचा! मी तेव्हा सहावीत होते. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि मला परभणीला आत्याकडे जायचे होते. कापसाची गाडी भरून आप्पा परभणीलाच निघाले होते. मग काय, मी केबिनमध्ये चढून बसले.

त्या ट्रकच्या डिझेलचा काटा मधूनमधून अर्ध्यावर अडकायचा. हे आप्पांना पक्के ठाऊक होते. म्हणून ते डिझेल भरले की एका छोट्या वहीत किलोमीटर लिहून ठेवायचे. पण आदल्या दिवशी दुसराच ड्रायव्हर गाडी घेऊन गेला होता. किती फिरला, कुणी लिहिले नाही. अंधार पडत आलेला, निघायची घाई. आप्पांनी काट्याकडे पाहिले. अर्धी टाकी! निघालो.

बोरी मागे पडून थोडाच वेळ झाला असेल. इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि गाडी बंद! आप्पांनी ती जमेल तेवढी कडेला घेतली, पण रस्ता अरुंद, अर्धा ट्रक रस्त्यावरच. दिवसभर वापरलेल्या टॉर्चचा उजेडही मिणमिणता. क्लीनरकाकांनी मागे थोड्या अंतरावर दगड मांडले, बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि कॅन घेऊन एका जीपमधून ते डिझेल आणायला गेले. आप्पा टॉर्च हलवत मागे उभे राहिले.

तेवढ्यात एक मोटारसायकल आली. शेवटच्या क्षणी त्या माणसाला फांद्या दिसल्या. त्याने ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि तो पडला. कोपर सोलवटले, एवढ्यावर निभावले. आप्पांनी त्याला उठवले, पाणी दिले. तो गेल्यावर खालच्या आवाजात म्हणाले, "काटा खोटा हाय, हे मला ठावं होतं लेकरा. तरी मी त्याच्याकडंच बघितलं."

डिझेल आले, टाकीत ओतले. तरी गाडी सुरू होईना! का बरं? टाकी कोरडी झाली की डिझेलच्या पाइपात हवा शिरते. मग इंजिनाला डिझेल नीट पोहोचत नाही. क्लीनरकाकांनी फिल्टरजवळचा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळला आणि गाडी सुरू झाली. पण आप्पा काही निघेनात. "आधी दगड उचला," म्हणाले. "आपण जाऊ, पण मागून येणाऱ्याला कळायचं न्हाई." सगळे दगड आणि फांद्या बाजूला झाल्यावरच गाडी हलली.

आता हा काटा फसवतो कसा, ते पाहू. टाकीत एक तरंगणारा गोळा असतो. तो एका दांडीला जोडलेला असतो. डिझेल कमी झाले की गोळा खाली जातो आणि दांडी फिरते. त्यामुळे तारेतून जाणारी वीज कमी-जास्त होते आणि समोरचा काटा हलतो. दांडी गंजून अडकली, तर काटा जुनेच दाखवत राहतो. गोळ्याला भोक पडून तो बुडाला, तर भरलेली टाकीही रिकामी दिसते. चढावर डिझेल एका बाजूला सरकते, तेव्हाही फरक पडतो.

आणखी एक गोष्ट. गोळ्याला कळते ती डिझेलची उंची, लिटर नव्हे! काही ट्रकची टाकी आडव्या पिंपासारखी गोल असते. समजा, अशी टाकी २०० लिटरची आहे. डिझेल पाव उंचीवर आले, तर किती उरले? ५० लिटर? नाही! जेमतेम ३९ लिटर. आणि उंचीचा दहावा भाग उरला, तर २० नव्हे, सुमारे १० लिटरच.

यावर जुन्या ड्रायव्हरांचा उपाय म्हणजे काठी. स्वच्छ काठी टाकीत बुडवायची आणि ओली खूण पाहायची. पण नुसते मोजून भागत नाही, हिशोबही बरोबर हवा. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाची इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती. कर्मचाऱ्यांनी टाकीतले इंधन पट्टीने मोजले. मोजमाप ठीक होते, पण लिटरचे वजन काढताना किलोऐवजी पौंडाचा आकडा वापरला गेला. हवे होते २२,३०० किलो, झाले तेवढे पौंड. म्हणजे निम्म्याहूनही कमी! आकाशात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिक बॉब पिअर्सन यांना बिनइंजिनाचे ग्लायडर चालवायची सवय होती. त्यांनी विमान तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. आतले ६९ जण वाचले.

करून पाहा : एक गोल, सरळ उंचीची पारदर्शक बरणी घ्या. एक वाटी पाणी ओता, झाकण घट्ट लावा, बरणी आडवी ठेवा आणि पाण्याच्या पातळीवर स्केचपेनने खूण करा. मग दुसरी वाटी, तिसरी वाटी. खुणा सारख्या अंतरावर येतात का? मग तोच प्रयोग बरणी उभी ठेवून करा. आणि हो, प्रयोग पाण्याचाच बरं का! डिझेल-पेट्रोलला हात लावायचा नाही.

आई-बाबांनाही एक काम. घरच्या गाडीचा काटा खरा आहे का, दिव्यांपैकी सगळे लागतात का, आणि ट्रक-टेम्पो असेल तर लाल त्रिकोण गाडीत आहे का, हे मुलांसोबत एकदा तपासा.

त्या रात्रीनंतर आप्पांनी काट्यावर कागदाची पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिले होते, 'आधी काठी'. काटा दुरुस्त होईपर्यंत ती पट्टी तिथेच होती.

आणि आमच्या वर्गातला तो पठ्ठ्या? दुसऱ्या दिवशी बाकावर चढून त्याने घड्याळाला चिठ्ठी लावली : 'बंद आहे. बाईंना विचारा.' यावेळी मी हसले आणि त्याची पाठ थोपटली.

तुमच्या घरात असे कोणते खोटे बोलणारे माप आहे? शोधा आणि कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!

— तुमच्या बाई