हे ‘फोकस म्युझिक’ नाही

मला वाटलं, नेट अडकलं.

अभ्यासिकेत रात्रीचे अकरा वाजून गेलेले. समोर राज्यघटनेचं पुस्तक, कानात इअरफोन. आणि कानातलं संगीत अचानक अडखळायला लागलं. ओरखडा पडलेली सीडी अडकते ना, तसं. तोच तुकडा, मध्येच गप्प, पुन्हा तोच तुकडा. मी रेंज बघितली, अ‍ॅप बंद करून परत उघडलं. ट्रॅक परत तिथेच अडखळला. तेव्हा पहिल्यांदा स्क्रीनवरचं नाव वाचलं : ‘वन पर्सेंट’, गोगो पेंग्विन.

प्लेलिस्टचं नाव मात्र पाठ होतं. त्यात ‘फोकस’ हा शब्द होता. दोन वर्षं मी ती रोज लावत होतो.

नंतर याच ट्रॅकचा मंचावरचा व्हिडिओ पाहिला. पियानो, डबल बास, ड्रम. तीन माणसं. बिघाड कसलाच नव्हता. ते अडखळणं तिघं हातांनी वाजवत होते. एकाच क्षणी थांबत होते, एकाच क्षणी उचलत होते. माणसांनी एवढ्या मेहनतीनं बसवलेली गोष्ट मी ‘नेट गेलं’ म्हणून निकालात काढली होती.

म्हणून हे भांडण. आधी स्वतःशी, मग इतरांशी.

हे त्रिकूट मँचेस्टरचं. पहिला अल्बम ‘फॅनफेअर्स’ २०१२चा, त्याच शहरातल्या गोंडवाना रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीनं काढलेला. पियानोवर ख्रिस इलिंगवर्थ, ड्रमवर रॉब टर्नर. पहिल्या अल्बमनंतर बासवर निक ब्लॅका आला. २०१४चा ‘व्ही २.०’ मर्क्युरी प्राइझच्या अंतिम यादीत पोचला. मग थेट ब्लू नोट, म्हणजे १९३९पासून जॅझमधलं सगळ्यात वजनदार नाव. तिथला त्यांचा पहिला अल्बम २०१६चा, नाव ‘मॅन मेड ऑब्जेक्ट’. माणसानं बनवलेली वस्तू! त्यातल्या काही रचना आधी कॉम्प्युटरवर बांधल्या आणि मग तिघांनी खऱ्या वाद्यांवर उतरवल्या. बाकी जग हातानं वाजवलेलं कॉम्प्युटरला शिकवत असताना ही मंडळी उलट्या दिशेनं निघाली होती.

यावर एक गट नाक मुरडतो : ‘हे जॅझच नाही.’ का? तर आळीपाळीनं लांबलचक सोलो होत नाहीत, पियानो एकच आकृती घोळवत राहतो, ड्रमर मशीनसारखा वाजवतो. अहो, तीच तर गंमत आहे. मशीनसारखं वाजवणारा माणूस घामाघूम होतो, मशीन होत नाही. तुम्ही सोलोची वाट बघत बसलात आणि तिघांमध्ये चाललेलं बोलणं तुमच्या कानांवरून गेलं.

दुसरा गट माझा. आम्ही नाक मुरडत नाही, आम्ही ऐकतच नाही. ‘शब्द नाहीत, डिस्टर्ब होत नाही’ हे आमचं कौतुक. कोणी म्हणेल, संगीत कसं ऐकायचं हे तू कोण सांगणार? खरंय. पोळ्या लाटतानाही ऐकावं. आणि ब्रायन ईनोनं १९७८मध्ये विमानतळासाठी म्हणून संगीत केलं, ते मागे वाजत राहावं असाच त्याचा हेतू होता. पण इथे तसा हेतू नव्हता. माझा राग पार्श्वभूमीला लावण्यावर नाही. माणसांची नावं पुसून तिथे ‘फोकस’, ‘चिल’, ‘स्लीप’ अशी लेबलं चिकटवण्यावर आहे. संगीत गोळीसारखं विकलं, की गोळी कुणी बनवली हे कोण विचारतो?

पुरावा देतो, माझ्याच विरुद्ध. डिसेंबर २०२१मध्ये रॉब टर्नर गट सोडून गेला. जवळजवळ दहा वर्षांची साथ. जॉन स्कॉट आला. तीन माणसांच्या गटातला एक बदलला म्हणजे संसारच बदलला. २०२३चा ‘एव्हरीथिंग इज गोइंग टू बी ओके’ हा अल्बम याच नव्या जुळणीचा, आणि जवळची माणसं गमावल्याच्या काळातून आलेला. माझ्या प्लेलिस्टमध्ये जुने ट्रॅक होते, नवेही होते. मला काही कळलं नाही. कुणाच्या तरी घरातलं दुःख कानात वाजत होतं आणि मी मूलभूत हक्कांची कलमं घोकत होतो.

उद्या त्या यादीत कुणीच न वाजवलेले, सॉफ्टवेअरनं पाडलेले ट्रॅक घुसवले, तर मला ओळखू येतील? तेव्हा नक्कीच आले नसते. असा श्रोता तयार करणं सगळ्यात स्वस्त पडतं, आणि तो मी फुकटात झालो होतो.

अभ्यासाला आता मी पंख्याचा आवाज वापरतो. गोगो पेंग्विन ऐकायचं तेव्हा फोन पालथा ठेवतो आणि सुरुवातीला फक्त बासच्या मागे जातो. तुम्हीही करून बघा, एकच ट्रॅक. पण ‘वन पर्सेंट’ लावलात, तर शेवटाकडे रेंज बघू नका.