पाचवीत होते, दहावीत नाहीत

विवेकानंद जयंतीचा उत्सव पार पडला की हिवरा आश्रमच्या दहावीच्या मुलांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. सराव परीक्षा आटोपलेली असते, नववीची मुलं निरोप समारंभाची वर्गणी गोळा करत हिंडत असतात आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला मराठीचा पेपर तोंडावर आलेला असतो. अभ्यास चालूच असतो, पण मधेच कुणीतरी जुनं काही काढतं आणि अर्धा तास कसा जातो कळत नाही. यंदा अशाच काही मुलामुलींमध्ये बसून मी त्यांच्या गप्पा ऐकल्या.

समारंभातली मनोगतं साधारण ठरलेली असतात. ज्ञानमंदिर येतं, गुरुजनांचे ऋण येतात, शेवटी आवाज दाटतो. त्यात खोटं काही नसतं. पण व्यासपीठावरून उतरल्यावर पोरं जे बोलतात त्याची चव निराळी. इथे पहिली आठवण निघाली ती पंगतीची.

ज्यांनी ही पंगत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पौष वद्य सप्तमी ही विवेकानंदांची जन्मतिथी. त्या निमित्ताने मेहकर तालुक्यातल्या या गावात लाखांच्या घरात माणूस जेवायला बसतो. मोकळ्या रानात ओळीच्या ओळी, पुढ्यात पुरी आणि वांग्याची भाजी. ओळींच्या मधून ट्रॅक्टर हळूहळू सरकतात, ट्रॉलीतून महाप्रसाद उतरतो आणि वाढणारे धावतात. इथल्या विवेकानंद आश्रमाचे संस्थापक शुकदास महाराज यांनी घालून दिलेली ही रीत. महाराज 2017 साली गेले, तेव्हा ही मुलं पहिलीत होती. त्यांना महाराज आठवत असतील तर पुसटसेच. पण पंगत त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे.

एकाने सातवीपासूनचा हिशेब मांडला: सातवीत पाणी, आठवीत पुऱ्या, नववीत भाजी. गरम भाजीची बादली उगाच कुणाच्या हातात देत नाहीत, ती मिळाली म्हणजे आपण मोठे झालो. एका मुलीने तर उठून दाखवलं. बादली डाव्या हातात, वाकायचं ते गुडघ्यातून, कमरेतून नाही. कमरेतून वाकलं तर दुसऱ्या दिवशी उठता येत नाही. "आन् ओळ सोडायची नाही सर," ती म्हणाली, "एक माणूस जरी सुटला तं आपण पुढं जायचं नाही."

मग गाडी पाचवीवर आली. आठवणीत पहिला दिवस असा नाहीच. 2020 च्या जूनमध्ये ही मुलं पाचवीत गेली ती घरातूनच. एका मोबाइलवर तीन भावंडं, रेंजसाठी गच्चीवर नाहीतर बांधावर. 27 जानेवारी 2021 ला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले आणि थोड्याच आठवड्यांत पुन्हा बंद पडले. परीक्षा न होताच सगळे सहावीत गेले. खऱ्या अर्थाने वर्ग भरला तो 4 ऑक्टोबर 2021 ला, गावाकडच्या शाळा उघडल्या तेव्हा. म्हणजे सहा वर्षांच्या सोबतीतलं पहिलं सव्वा वर्ष जवळजवळ कोरंच आहे. आधीच्या बॅचेसना सांगता येतं की पहिल्या दिवशी शेजारी कोण बसलं होतं. यांना ते सांगता येत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या मोबाइलच्या दिवसांच्या गोष्टी चालल्या असतानाच कुणीतरी एक नाव घेतलं. ग्रुपवर सगळ्यात आधी हजेरी लावायचा तो. पुढे सातवीत पंगतीत पाणी वाढायला हाच जोडीदार होता. आता कुठे आहे? आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला, मग पुण्याकडे बांधकामावर. मग दुसरं नाव निघालं, एका मुलीचं. एसटीच्या मोफत पासावर शेजारच्या गावातून यायची, गणितात पुढे होती. नववीच्या सुट्टीत तिचं लग्न झालं. हे सांगताना मुली एकमेकींकडे बघत होत्या. तिसरं नाव, चौथं नाव. मघापासून खिदळणारी पोरं बोटांवर मोजायला लागली होती.

मी आजवर माजी विद्यार्थ्यांचे पुष्कळ स्नेहमेळावे पाहिले. आता तर गावोगाव होतात. एखाद्याला मुंबईहून विमानाने येणं जमतं, दुसरा दुकान बंद ठेवून येतो. निवृत्त गुरुजींना शाल-श्रीफळ देतात, दिवंगत मित्रांना श्रद्धांजली वाहतात. या मेळाव्यांची टिंगल करणारे करोत. चाळीस-पन्नास वर्षांनी एकमेकांना अरे-तुरे करणारी माणसं भेटणं ही मोठी गोष्ट आहे. 1975 मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, त्याआधी अकरावीची मॅट्रिक होती. त्या मॅट्रिकवाल्या आजोबांनाही मी मेळाव्यात डोळे पुसताना पाहिलं आहे.

पण या सगळ्या मेळाव्यांत एक गोष्ट राहून जाते. बॅच ओळखली जाते ती पास झालेल्या वर्षावरून. यादी होते ती दहावीच्या निकालपत्रावरून. म्हणजे जो सातवीत, आठवीत, नववीत सुटला त्याला बॅचच नाही. चार-चार वर्षं एका बाकावर बसलेला मुलगा मेळाव्याच्या दिवशी त्याच गावात, त्याच रस्त्यावर सोयाबीनची पोती उतरवत असतो आणि त्याला बोलवायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. मेलेल्या मित्राची आठवण निघते, जिवंत असलेल्याची निघत नाही. हे मला बोचतं.

ही गळती कुठे होते तेही उघड आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना धरून ठेवतो, म्हणजे आठवीपर्यंत. नववीच्या उंबरठ्यावर कायदा हात सोडतो आणि नेमकं त्याच वयात घराला मुलाचा हातभार हवा असतो, मुलीच्या लग्नाची घाई सुटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचांत एकीपेक्षा जास्त. या मुलांनी बोटांवर मोजलेली नावं त्याच हिशेबातली.

मी त्यांना 17 नंबरच्या फॉर्मबद्दल विचारलं. ऐकलं सगळ्यांनी होतं, पण नापासांसाठी काहीतरी असतं अशी त्यांची समजूत. तसं नाही. शाळा सुटलेल्या मुलाला किंवा मुलीला दहावीला बाहेरून बसता येतं ते या फॉर्मवर. किमान पाचवी पास आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण, एवढी अट. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो लागतो. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, आणि अडतं ते इथेच. ऊसतोडीच्या फडावर किंवा सासरी असलेल्या पोरीला त्याची तारीख कोण सांगणार? सांगणारं माणूस वर्गातलंच असलं तर ती ऐकेल.

"सर, तिच्या सासूला कोण समजावणार?" एका मुलीने लगेच विचारलं. प्रश्न रास्त होता. त्यावर दुसरी म्हणाली, "आपण समद्या जणी जाऊ. एकटीला हाकलतील, समद्यांना कशा हाकलतील?"

निरोप समारंभात शाळेला काय भेट द्यायची, यावर वर्गात अजून खल चालू आहे. घड्याळ, पंखा, खुर्च्या, जे काही ठरेल ते द्यावंच. माझी यंदाच्या बॅचला आणि इथून पुढच्या प्रत्येक बॅचला एक विनंती आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दाखल झालेल्या प्रत्येकाची नोंद असते, सोडून गेलेल्याचीही. दहावीच्या निकालाची वाट न बघता आपल्या वर्गशिक्षकांना विचारून पाचवीची यादी करून घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुप त्या यादीवरून काढा. पेपर संपल्यावर सुट्टी लांबलचक आहे. तेवढ्यात सुटलेल्यांच्या घरी जाऊन या, दाखला कुठे आहे ते बघा आणि पुढच्या वर्षीच्या फॉर्मच्या तारखा निघाल्या की त्यांना कळवा.