छप्पर कोणाच्या खात्यावर?

१९७६ च्या मे महिन्यात, ऑलिंपिक स्पर्धा सुरू होण्यास जेमतेम दोन महिने उरले असताना, कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या सरकारने तंबाखूवर एक खास कर बसविला. मॉन्ट्रियल शहरात उभ्या राहत असलेल्या ऑलिंपिक स्टेडियमचे देणे त्यातून फेडावयाचे होते. स्पर्धा सोळा दिवसांत आटोपली. देणे मात्र २००६ च्या नोव्हेंबरमध्ये फिटले. वयाच्या विसाव्या वर्षी ज्याने तो कर भरण्यास प्रारंभ केला, तो पन्नाशीला पोहोचला तेव्हा खाते बंद झाले. त्याने स्टेडियमची पायरी एकदा तरी चढली होती की नाही, हे कोणी विचारले नाही.

आकडे पाहण्यासारखे आहेत. १९७० मधील अंदाजानुसार हे स्टेडियम १३ कोटी ४० लाख कॅनेडियन डॉलरमध्ये पूर्ण व्हावयाचे होते. बांधकाम, दुरुस्त्या आणि व्याज धरून अखेरीस हिशेब १६१ कोटींवर गेला, म्हणजे मूळ अंदाजाच्या बारापट. शहराचे महापौर ज्याँ द्रापो यांचे एक वाक्य त्या काळी जगभर गाजले होते. पुरुषाला मूल होणे जितके अशक्य, तितकेच ऑलिंपिकला तोटा येणे अशक्य, असे ते म्हणाले होते. पुढे व्यंगचित्रकारांनी त्यांना गरोदर दाखविले, ते ओघानेच आले. गोलाकार वास्तूला लोकांनी आधी ‘बिग ओ’ असे लाडाचे नाव दिले होते. इंग्रजीत देणेकरी असण्याच्या क्रियापदाचा उच्चारही तसाच होतो. त्यामुळे नाव बदलावे लागले नाही, फक्त अर्थ बदलला.

खर्च वाढण्याची कारणे कोणत्याही मोठ्या बांधकामाच्या फायलीत सापडतील तशीच होती. फ्रेंच वास्तुरचनाकार रोजे तायिबेर यांचा आराखडा अत्यंत सुंदर आणि तितकाच अवघड होता. त्यात १६५ मीटर उंचीचा कललेला मनोरा आणि त्यावरून तारांनी वर ओढले जाणारे कापडी छप्पर होते. कामगारांचे संप झाले, महागाईने पोलाद आणि सिमेंटचे भाव चढले, आणि उद्घाटनाची तारीख मात्र हलविता येत नव्हती. ज्याची तारीख ठरलेली आहे त्याला घासाघीस करता येत नाही, हे लग्नसराईत माल पुरविणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. न्यायमूर्ती मालूफ यांच्या चौकशी आयोगाने १९८० मध्ये अहवाल दिला आणि दोषाचा मोठा वाटा महापौरांच्या पदरात टाकला. मॉन्ट्रियलच्या मतदारांनी द्रापो यांना १९७८ मध्ये निवडून दिले होते. अहवालानंतर, १९८२ मध्ये, पुन्हा निवडून दिले. बांधणाऱ्याला मते मिळतात. गळते छप्पर दुरुस्त करणाऱ्याचे नाव कोणत्याच शिलेवर कोरले जात नाही.

या प्रकरणात बँकेच्या दृष्टीने सर्वांत बोलका कागद आराखड्याचा नाही, हमीचा आहे. कॅनडाच्या केंद्र सरकारने १९७३ मध्ये स्वतंत्र कायदा करून ऑलिंपिकची नाणी, टपाल तिकिटे आणि लॉटरी काढण्यास अनुमती दिली. परंतु तूट आल्यास केंद्राकडे हात पसरणार नाही, असे आश्वासन क्वेबेककडून आधी घेतले. लॉटरीने अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक दिले, नाण्यांनी निराशा केली, आणि तुटीचा प्रश्न उरलाच. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये काम शहराच्या हातून काढून प्रांताने स्वतःच्या मंडळाकडे घेतले. ज्याने हमी दिली होती त्यालाच शेवटी गोदामाची किल्ली घ्यावी लागली. कर्ज बुडीत जाऊ लागले की जामीनदार धावत येतो, तसेच हे झाले. फरक एवढाच, की या जामीनदाराने रक्कम स्वतःच्या खिशातून न देता पानटपरीवर वसूल केली.

या वसुलीत एक विचित्र गोष्ट दडलेली होती. व्यसनावर उभारलेले उत्पन्न टिकावयाचे तर व्यसन टिकले पाहिजे. २००६ च्या मे अखेरीस क्वेबेकमध्ये बंदिस्त सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई झाली. आरोग्याच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता होती. स्टेडियमच्या खात्यात मात्र तिची नोंद ‘जमा घटली’ अशी झाली, आणि ऑक्टोबरअखेर अपेक्षित असलेली कर्जफेड नोव्हेंबरवर गेली.

मॉन्ट्रियलचा धडा सर्वप्रथम लॉस एंजेलिसने घेतला. १९८४ ची स्पर्धा भरविण्यास त्या वेळी दुसरे कोणते शहर पुढे येत नव्हते. या स्थितीचा लाभ घेत तेथील नागरिकांनी १९७८ मध्ये मतदानाने शहराच्या सनदेतच दुरुस्ती केली, की परत मिळण्याची खात्री नसलेला शहराचा पैसा स्पर्धेवर खर्च होणार नाही. मुख्य मैदान म्हणून १९२३ मध्ये उघडलेले जुने कोलिझियम वापरले गेले. जलतरण तलावाचा खर्च मॅकडोनाल्ड्सने उचलला, सायकल शर्यतीच्या धावपट्टीचा सेव्हन-इलेव्हन दुकानांच्या मालक कंपनीने. दूरचित्रवाणीचे हक्क २२ कोटी ५० लाख डॉलरला गेले. शेवटी साधारण तितकीच रक्कम शिल्लक पडली. त्यातील चाळीस टक्के, सुमारे ९ कोटी ३० लाख डॉलर, दक्षिण कॅलिफोर्नियातील मुलांच्या क्रीडाशिक्षणासाठी एका प्रतिष्ठानाकडे गेले. प्रतिष्ठानाने ती रक्कम गुंतविली आणि उत्पन्नातून अनुदाने दिली. मूळ रकमेच्या दुपटीहून अधिक वाटप होऊनही निधी शाबूत आहे. २०२८ च्या स्पर्धेसाठी मात्र याच शहराने हमीपत्रावर सही केली आहे. तूट आल्यास पहिले २७ कोटी डॉलर शहराचे, पुढचे २७ कोटी राज्याचे, आणि त्यापुढील सर्व पुन्हा शहराचे. पन्नास वर्षांत सावधपणा किती पातळ होतो, याचे हे मोजमाप म्हणावे लागेल.

तथापि हमी हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग छप्पराचा. मॉन्ट्रियलचे स्टेडियम १९७६ मध्ये छप्पराविनाच उघडले, मनोराही अर्धवट होता. छप्परासाठी घेतलेले केव्हलारचे कापड १९८२ पर्यंत फ्रान्समधील एका गोदामात पडून होते. ते १९८७ मध्ये बसले. मग लक्षात आले, की जोराचा वारा असताना ते हलविता येत नाही आणि ते वारंवार फाटते. उघडझाप होणारे म्हणून ज्याची ख्याती केली गेली, ते सर्व आयुष्यात ८८ वेळा उघडमिट झाले. १९९१ मध्ये ५५ टनांची एक काँक्रीटची तुळई बाहेरील पदपथावर कोसळली. सुदैवाने कोणी दगावले नाही, पण तेथे खेळणाऱ्या एक्स्पोज या बेसबॉल संघाला हंगामातील उरलेले घरचे सामने परगावी जाऊन खेळावे लागले. १९९८ मध्ये दुसरे, न उघडणारे छप्पर बसविले. पुढच्याच जानेवारीत मोटारींच्या प्रदर्शनाची मांडणी चालू असता बर्फाच्या भाराने त्याचा एक भाग फाटून खाली आला. पुढे तर तीन सेंटीमीटरहून अधिक बर्फाचा अंदाज असला की स्टेडियम बंद ठेवावे लागे. आणि हे कॅनडात!

२००४ च्या हंगामानंतर एक्स्पोज संघ शहर सोडून वॉशिंग्टनला गेला. कर्ज फिटण्यापूर्वीच नियमित भाडेकरू गेला, असा त्याचा अर्थ. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने तिसऱ्या छप्परासाठी ८७ कोटी डॉलर मंजूर केले. तोपर्यंत जुन्या छप्परावर वीस हजारांहून अधिक फाटे मोजले गेले होते. स्टेडियम पाडून का टाकू नये, असा प्रश्न साहजिकच उठला. पाडण्यास सुमारे २०० कोटी लागतील, असे सरकारचे उत्तर होते; कारण आतील काँक्रीट ताणलेल्या पोलादी तारांनी बांधलेले आहे आणि लगतच भुयारी रेल्वे आहे. ठेवावे तरी खर्च, मोडावे तरी खर्च. व्यापारात अशा मालाला घेणेकरीही हात लावत नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की त्या परिसरातील सारेच वाया गेले नाही. सायकल शर्यतीच्या इमारतीत १९९२ मध्ये ‘बायोडोम’ हे प्राणी-वनस्पतींचे संग्रहालय सुरू झाले, आणि कित्येक वर्षे रिकाम्या पडलेल्या मनोऱ्याचे मजले देजार्दाँ या सहकारी वित्तसंस्थेने कचेरीसाठी भाड्याने घेतले. क्रीडावास्तूला अखेर आधार दिला तो पतसंस्थेच्या भाड्याने, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकास विशेष गंमतीची वाटेल.

नियमित भाडेकरू गेल्यावर मैदानाचे काय होते, याचा नेमका उलटा दाखला मुंबईत आहे. चर्चगेटजवळचे ब्रेबर्न स्टेडियम १९३७ पासून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे आहे. सामन्यांच्या आसनांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात वाद विकोपाला गेला, आणि संघटनेने चालत जाता येईल इतक्या अंतरावर स्वतःचे वानखेडे स्टेडियम उभारले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. थोड्या अंतरावर दोन स्टेडियमे, हा हिशेब कोणत्याही शेठजीच्या पेढीवर मान्य झाला नसता. पण मानापमानाच्या खर्चाला वेगळे खाते नसते. त्यानंतर ब्रेबर्नवर पुढचा कसोटी सामना झाला तो २००९ च्या डिसेंबरमध्ये, श्रीलंकेविरुद्ध. १९७३ पासून मोजले तर छत्तीस वर्षे हे मैदान कसोटीवाचून होते. तरी हिरवळ राखली गेली, आणि बोलावणे आले तेव्हा मैदान सज्ज होते. कारण त्याचा निर्वाह सामन्यांच्या तिकिटांवर कधी सोडलेला नव्हता. सभासदांची वर्गणी, प्रेक्षकसज्जांच्या खाली बांधलेल्या राहण्याच्या खोल्या, भोजनगृह आणि इतर खेळ यांवर ते चालत होते. वास्तू वापरणारेच तिचा रोजचा खर्च देत होते आणि तो देत असल्याची जाणीव त्यांना होती.

महाराष्ट्रातील अनेक गावांत आता समाजाच्या संस्था वसतिगृहाला जोडून तरणतलाव, बॅडमिंटन सभागृह, कृत्रिम हिरवळीचे मैदान बांधू लागल्या आहेत. हेतू उत्तम आहे. मुले मोबाईल ठेवून मैदानावर येत असतील, तर पैसा सार्थकी लागला. परंतु या सुविधांचा खरा खर्च पावतीपुस्तकावर दिसत नाही. तरणतलावाचे पाणी दिवसरात्र गाळावे लागते. पंपाचे विजेचे बिल, क्लोरीन आणि जीवरक्षकाचे वेतन मुले पोहोत नसली तरी चालूच राहते. लाकडी फरशीच्या सभागृहात एका पावसाळ्यात छप्पर गळले की फळ्या फुगतात. कृत्रिम हिरवळ आठ-दहा वर्षांत बदलावीच लागते. समजा, ती बदलण्यास वीस लाख रुपये लागणार आहेत. तर दहा वर्षांच्या हिशेबाने दरवर्षी दोन लाख बाजूस पडले पाहिजेत, आणि दहाव्या वर्षी भाव चढलेले असणार हे धरून थोडे अधिकच. दुकानाच्या यंत्रावर घसारा न लावणारा व्यापारी सापडणार नाही. तोच व्यापारी विश्वस्ताच्या खुर्चीत बसला की घसारा विसरतो, आणि सभागृहाला दिलेली देणगी म्हणजे सभागृहाचा सर्व खर्च, असे समजतो. दरमहा शुल्क ठरवितानाही सभेत लगेच सूर लागतो, ‘समाजाच्याच मुलांकडून काय घ्यायचे?’ शुल्क नाममात्र ठेवण्यास हरकत नाही, पण ज्याला माफी आहे त्याच्या वाट्याची रक्कम कोणत्या खात्यातून जमा होणार, हे त्याच सभेच्या इतिवृत्तात लिहिले गेले पाहिजे. अन्यथा तिसऱ्या वर्षी तलाव कोरडा आणि पाचव्या वर्षी तेथे लग्नाचा मंडप, हा क्रम ठरलेला.

यावर तोडगा शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. पांजरपोळ आणि भोजनशाळा यांच्यासाठी ‘कायमी तिथी’ लिहविण्याची रीत समाजात फार जुनी आहे. दाता मुद्दल देतो, ते मोडले जात नाही, आणि त्याच्या व्याजातून वर्षातील एका दिवसाचा चारा किंवा भोजन त्याच्या नावे होते. तीच रीत तलावाच्या गाळणीला, मैदानाच्या हिरवळीला आणि रखवालदाराच्या वेतनाला लावता येते. भूमिपूजनाच्या पत्रिकेत बांधकामाचे दाते आणि देखभालीच्या तिथींचे दाते अशा दोन याद्या सारख्याच टाईपात छापाव्यात. दुसरी यादी भरेपर्यंत पहिल्या यादीतील पैसा ठेवीत राहिला, तरी व्याज मिळतच असते.