शाप कोणी कोणाला दिला?

तूतनखामेनची कबर उघडताच प्राचीन मंत्रशक्ती जागी झाली, ही कथा आजही चवीने सांगितली जाते. आम्हांस ती मुळीच मान्य नाही. १९२२ साली इजिप्तच्या राजांच्या दरीत ही कबर सापडली. उत्खननाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी वारले, ते डासाच्या चाव्याची जखम चिघळून. कबरीच्या बातम्यांचा मक्ता त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला विकला होता, बातमीला मुकलेल्या इतर पत्रांना शापाची कथा आयतीच फावली. मग कबर शोधणारे हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत आणि शवाची तपासणी करणारे डॉ. डग्लस डेरी १९६१ पर्यंत कसे जगले?

खरा अपराध निराळाच आहे. १९२५ साली राळेने शवपेटीला चिकटलेले ते प्रेत सोडविताना त्याचे मस्तक व हातपाय तोडण्यात आले. तो जेमतेम १८-१९ वर्षांचा तरुण होता! प्राचीन इजिप्तच्या कित्येक कबरींवर वाटसरूंना प्रार्थनेची विनवणी कोरलेली आढळते. मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या आपणांस तरी ती कळावयास हवी. मृताने जिवंतांना छळले नाही. जिवंतांनीच मृताची विटंबना केली आणि वर त्यालाच शाप देणारा ठरविले.