पडद्यावरचा मोती, दारातला मोत्या

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. मोबाईलवर चार्ली चॅप्लिनचा जुना मूकपट लावून बसला आणि हसून हसून गादीवर लोळायला लागला. मीही चष्मा लावून शेजारी बसले. १९१८ सालचा 'अ डॉग्ज लाइफ'. चार्ली उपाशी आणि त्याची कुत्रीही उपाशी, नाव स्क्रॅप्स. नाचगाण्याच्या हॉलमध्ये कुत्र्यांना बंदी, म्हणून चार्ली तिला आपल्या ढगळ पँटमध्ये लपवतो. पँटच्या भोकातून शेपूट बाहेर येते आणि मागच्या ढोलावर धाडधाड वाजायला लागते! शंभर वर्षं उलटून गेली, तरी हसू काही आवरत नाही.

चित्रपट संपला आणि नातू म्हणाला, "आजी, मला पण डॉग पाहिजे." लगेच मोबाईलवर फोटो दाखवला. निळ्या डोळ्यांचा, बर्फात राहणारा हस्की! आत्ताच पाहिलेलं कुत्रं रस्त्यावरचं, आणि मागणी मात्र याची. मला एकदम पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. कारण हे सगळं आमच्या घरात एकदा होऊन गेलंय.

१९९४ साली 'हम आपके है कौन' आला. तेव्हा याचा बाप आठ वर्षांचा. आम्ही सगळे परभणीला जाऊन सिनेमा पाहून आलो. माधुरीची जांभळी साडी मला पाहिजे होती आणि पोराला पाहिजे होता टफी! क्रिकेटच्या सामन्यात अंपायर होणारा, चिठ्ठी योग्य माणसाच्या हातात नेऊन देणारा पांढराशुभ्र टफी. दोन दिवस पोरगा जेवला नाही. शेवटी ह्यांनी कुठून तरी पामेरियनचं पिल्लू आणलं. नावही टफीच.

मैत्रिणींनो, पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. पोराची हौस पंधरा दिवसांची. दूध-पोळी, अंगावरचे गोचीड, गुंता झालेले केस, दारात केलेली घाण, सगळं माझ्याकडे. सासूबाई सोवळ्याच्या, त्यांची बोलणी वेगळी. आणि आमच्या मानवतचा मे महिना! पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात. ते एवढं केसाळ जनावर दिवसभर मोरीत पडून राहायचं. धुणंवाली मावशी म्हणायची, "अवो बाई, कामून असं धापा टाकतंय हे?" दुसऱ्या उन्हाळ्यात ह्यांनी त्याला एका ओळखीच्यांच्या शेतावर नेऊन सोडलं. मी 'नको' म्हटलं नाही. खरं सांगू? सुटले असं वाटलं. महिन्याभराने विचारलं तर कळलं, तो तिथे नाहीच. कुठे गेला, कोणी पाहिलं नाही.

म्हणून मला चॅप्लिनची गोष्ट फार लागली. या चित्रपटासाठी त्याने आधी चांगल्या जातीची कुत्री आणून पाहिली. त्यांत एक पामेरियनही होतं. एकही पसंत पडलं नाही. मग कोंडवाड्यातून रस्त्यावरची कुत्री आणली. इतकी की शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि संख्या कमी करावी लागली. त्यातून निवडलं गेलं ते 'मट' नावाचं साधं मिश्र जातीचं, म्हणजे आपल्या भाषेत गावरानच. चार्ली त्याला उशीसारखं घेऊन झोपतो, त्या प्रसंगासाठी त्याला व्हिस्की पाजली होती. स्टुडिओच्या किरकोळ खर्चात तिची नोंद आहे, साठ सेंट. हसताना हे आपल्याला ठाऊक नसतं. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि २००१ चे नियम आहेत, त्यामुळे आता चित्रीकरणासाठी प्राणी वापरायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. हे चांगलंच झालं. चित्रपट लागला त्याच एप्रिलमध्ये चार्ली युद्धकर्जाच्या रोख्यांचा प्रचार करायला दौऱ्यावर गेला आणि इकडे मट मेला. स्टुडिओतल्या लोकांनी आवारात पुरून वर लिहिलं, हृदयभंगाने गेला. कुत्रं विरहाने मरतं की नाही ते डॉक्टर सांगतील, पण तो त्या माणसाला चिकटला होता एवढं पडद्यावरही दिसतं.

त्याच काळात 'ल्यूक' नावाचा एक कुत्रा होता, फॅटी आर्बकल आणि बस्टर कीटनच्या विनोदी चित्रपटांत शिड्या चढून माणसांच्या मागे धावणारा. तो आर्बकलची बायको मिंटा डर्फी हिच्या घरातला. तिने चित्रीकरणात एक धोक्याचं काम केलं, त्याचा मोबदला म्हणून दिग्दर्शकाने तिला हे पिल्लू दिलं, असं सांगतात. काय मोबदला! पण त्या कुत्र्याला सवय होती ती घराची. आपल्या मुंबईत १९३५ साली 'हंटरवाली' गाजल्यावर वाडियांच्या स्टंटपटांत नादियाबरोबर तिचा घोडा आणि 'गनबोट' नावाचा कुत्राही गाजला. 'तेरी मेहरबानियां'तला मोती तर १९८५ मध्ये जॅकी श्रॉफपेक्षा भाव खाऊन गेला. आमच्या गल्लीतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. आणि घरी येऊन ओट्याजवळ आलेल्या मोत्याला चप्पल फेकून मारत होत्या. त्यांत मीही होते.

माझं म्हणणं एवढंच, की सिनेमातून आपण नेमकी चुकीची वस्तू घरी आणतो. पडद्यावर ते कुत्रं हसवतं ते कोणीतरी त्याच्याबरोबर घालवलेल्या वेळामुळे. आपण मात्र केसांचा रंग बघून पैसे मोजतो आणि वेळ द्यायचं काम न विचारता घरातल्या बाईवर टाकतो. कुत्रं कोणाला पाहिजे हे ठरवायला सगळे, आणि रात्री अकराला त्याला बाहेर फिरवून आणायला आई. भटक्या कुत्र्यांचा त्रास नसतो असं मी मुळीच म्हणत नाही. लहान लेकरांना चावतात, लस टोचून घ्यावीच लागते, नसबंदीची कामं नीट व्हायलाच पाहिजेत. पण पाळायचंच असेल तर इथल्या उन्हात जन्मलेलं, इथली भाकरी पचवणारं पाळा की! हस्कीला मानवतमध्ये आणणं म्हणजे लेकीला स्वेटर घालून चुलीपुढे बसवणं.

नातवाला मी हे सगळं सांगितलं. टफीचंही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांना माहितीये?" म्हटलं, "त्याला शाळेतून आल्यावर सांगितलं होतं, पळून गेला म्हणून."

त्या चित्रपटाच्या शेवटी चार्ली आणि त्याची बायको पाळण्यात वाकून कौतुकाने बघतात. आपल्याला वाटतं बाळ आहे. आत असते स्क्रॅप्स, तिच्या पिल्लासकट. आमच्या पाण्याच्या टाकीमागेही एक तांबडी कुत्री व्याली आहे, चार पिल्लं. नातू जायच्या आदल्या दिवशी तिथे जुनं पोतं अंथरून आला. आता रोज रात्री फोन करून विचारतो, पोतं बदललं का?